छावणी, रूळ आणि पॅरिश : कामठी ते कळमना

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी इतवारी आणि कळमना मागे टाकून कामठीला लागते. सगळा पल्ला जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरचा. कळमना म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे बाजार समितीचे आवार येते : संत्र्यांचे ढीग, मिरचीची पोती, अडते, हमाल, ट्रकांच्या रांगा. पण कामठीपासून नागपूरच्या सदरपर्यंतच्या याच पट्ट्यात विदर्भातल्या कॅथलिक समाजाची पाळेमुळे आहेत, आणि त्यांचा इतिहास कामठीच्या छावणीइतका जुना आहे. या समाजाविषयी बोलताना दोनच कथा सांगितल्या जातात. दूरदेशाहून आलेल्या धर्मगुरूंनी उपदेशाने आणि त्यागाने चर्च उभे केले, ही एक. आमिषे दाखवून माणसे बाटवली, ही दुसरी. एकमेकींच्या विरुद्ध दिसणाऱ्या या कथांमध्ये एक गोष्ट समान आहे : दोन्हींत कर्ता मिशनरी असतो आणि समाज हा त्याच्या हातून घडलेली वस्तू ठरतो. कामठी-नागपूरचा पुरावा मात्र तिसरेच काही सांगतो. इथला कॅथलिक समाज मुख्यतः पलटणीच्या, रेल्वेच्या आणि रोजगाराच्या निमित्ताने इथे आलेल्या माणसांनी घडवला, आणि पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली मंडळी, ही त्या आलेल्या माणसांना गावचे करून घेणारी संस्था ठरली.

सुरुवात राजकारणातून झाली. १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि नागपूरच्या राज्याचा खरा कारभार रेसिडेंटच्या हाती गेला. या राज्यावर नजर ठेवण्यासाठी कन्हान नदीच्या काठी १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. या छावणीत दीर्घकाळ राहिलेल्या पलटणी प्रामुख्याने मद्रास सैन्याच्या होत्या, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचा तपशील हाच आहे. बंगालच्या सैन्यात उच्चवर्णीय शिपायांचा भरणा होता. मद्रास सैन्याने मात्र तमिळ आणि तेलुगू मुलखातल्या नाना जातींतून भरती केली, आणि त्या मुलखातल्या कित्येक गावांत कॅथलिक धर्म शतका-दोन शतकांपूर्वीच पोहोचला होता. पलटणीतले ढोल-बासरीवाले आणि बँडवाले तर बहुधा ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन असत. शिवाय मद्रासच्या शिपायाबरोबर त्याचे कुटुंबही फिरे. पलटण हलली की बायका, मुले, म्हातारी माणसे, स्वयंपाकी, धोबी, व्यापारी असा मोठा तांडा तिच्यामागे निघे. मुदलियार मंडळी कामठीत आली आणि व्यापारात स्थिरावली, तीही याच ओघात. म्हणून कामठीत आलेला कॅथलिक हा एकटादुकटा शिपाई नव्हता. तो घरदार घेऊन आला होता, आणि घरदार आले म्हणजे बारसे, लग्न आणि मयत आलीच.

दुसरा लोंढा आयर्लंडमधला. १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात दर शंभरांत सुमारे बेचाळीस शिपाई आयरिश होते, आणि त्यांतले बहुसंख्य कॅथलिक. कंपनीच्या गोऱ्या पलटणींतही आयरिशांचे प्रमाण मोठे होते. तेव्हा कामठीच्या छावणीत गोरा कॅथलिक आणि तमिळ कॅथलिक शेजारी शेजारी राहत होते. मानाने आणि पगाराने समान मुळीच नव्हते, पण एकाच मिस्सेसाठी गुडघे टेकत होते. आता मिशनऱ्यांच्या येण्याची तारीख पाहू. सव्हॉय प्रांतातल्या ॲनसी गावी फादर पिएर-मारी मेर्मिए यांनी १८३८ मध्ये सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचा धर्मसंघ काढला. त्या संघाचे पहिले पथक १८४५ मध्ये भारताकडे निघाले आणि १८४६ च्या आरंभी विशाखापट्टणमला पोहोचले. त्यांच्याकडे सोपवलेला मुलूख समुद्रकाठापासून थेट नागपूर-जबलपूरपर्यंत पसरलेला होता, आणि त्यात कामठी होती. म्हणजे छावणी वसल्यानंतर पाव शतकाने हे धर्मगुरू आले. समाज आधी, धर्मगुरू नंतर, असा हा क्रम आहे. कॅथलिक सैनिकांची धार्मिक सेवा करणाऱ्या धर्मगुरूंना कंपनी सरकार भत्ता देत असे, कारण सैनिक समाधानी ठेवणे ही सरकारची गरज होती. त्या काळी सव्हॉय हा फ्रान्सचाही भाग नव्हता. तो सार्डिनियाच्या राज्यात होता आणि १८६० मध्ये फ्रान्सला जोडला गेला. डोंगराळ सव्हॉयचे धर्मगुरू, आयरिश गोरे, तमिळ शिपाई आणि भोवती मराठी-हिंदी बोलणारा मुलूख, असे हे कामठीचे चर्च होते. त्यातला प्रत्येक जण कुठून तरी आलेला होता.

आलेल्या माणसांना पॅरिशने गावचे केले, या विधानाचा सर्वांत भक्कम पुरावा पॅरिशच्या दप्तरात असतो. ट्रेंटच्या परिषदेने सोळाव्या शतकात लग्न आणि बाप्तिस्मा यांच्या नोंदवह्या प्रत्येक पॅरिशला बंधनकारक केल्या. बाप्तिस्म्याच्या वहीत बाळाचे नाव, जन्माची आणि संस्काराची तारीख, आईबापांची नावे, धर्ममातापित्यांची नावे आणि शेवटी धर्मगुरूची सही असा लॅटिनमधला मजकूर ठरलेला असे. मद्रास इलाख्यातल्या नोंदींच्या नकला सरकारकडे जात, आणि त्यांत बापाचा हुद्दा किंवा धंदाही लिहिला जाई. या वह्यांतली खरी गंमत मात्र समासात आहे. १९०८ पासून लागू झालेल्या नियमानुसार एखाद्याचे लग्न कुठेही लागो, लग्न लावणाऱ्या धर्मगुरूने ते वधूवरांच्या मूळ पॅरिशला कळवायचे आणि तिथल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात ते लिहून घ्यायचे. लग्नाआधी मूळ पॅरिशहून दाखला मागवायचा, लग्नानंतर तिकडे कळवायचे. म्हणजे रेल्वेत लागलेल्या तरुणाचे लग्न नागपुरात ठरले की एक पत्र त्याच्या गोव्याच्या किंवा तंजावरकडच्या गावी जाणार, तिथून दाखला येणार, लग्न होणार, आणि कित्येक मैलांवरच्या त्या गावच्या वहीत नागपूरच्या चर्चचे नाव चढणार. धर्मशास्त्राच्या दृष्टीने याचा हेतू दुबार लग्न टाळणे हा होता. पण समाजाच्या दृष्टीने या पत्रव्यवहाराने मोठे काम केले. परगावी आलेला माणूस अनोळखी उरत नसे. त्याचा बाप कोण, गाव कुठले, तो अविवाहित की विवाहित, हे सारे लेखी येत असे, आणि त्याच्या जोरावर इथले घर त्याला आपली मुलगी देत असे. सोयरिकीचा विश्वास दप्तराने पुरवला.

दुसरे पर्व रुळांचे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निघाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. २० फेब्रुवारी १८६७ रोजी मुंबईहून जीआयपी रेल्वे नागपुरात पोहोचली आणि वजनाचा काटा कामठीकडून नागपूरकडे झुकू लागला. जबलपूरच्या सडकेने येणारा जो माल पूर्वी कामठीत उतरे, तो हळूहळू इतर वाटांनी जाऊ लागला. १८८१ च्या जनगणनेत कामठीची वस्ती एक्कावन्न हजारांच्या घरात होती. १९०१ मध्ये ती एकोणचाळीस हजारांवर आली. कॅथलिक समाजही याच दिशेने सरकला. १८७० मध्ये नागपुरात सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा निघाली; सारे शहर आज तिला एसएफएस म्हणून ओळखते. १८८७ मध्ये विशाखापट्टणमपासून वेगळा काढून नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, आणि बिशप अलेक्सिस रिकाझ त्याचे पहिले बिशप झाले. त्याच १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. छत्तीसगडकडे जाणारी आधीची लाईन तिने ताब्यात घेतली. कळमन्यावरून कामठीला आणि पुढे कलकत्त्याला जाणारा मार्ग तो हाच. चर्चच्या आणि रेल्वेच्या तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग म्हणता येईल. पण दोन्हींची माणसे एकच होती, हा योगायोग नव्हता. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, तारमास्तर या जागांवर अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि मद्रासी ख्रिस्ती मोठ्या संख्येने होते. अजनीची वसाहत, मोतीबागचे वर्कशॉप, स्टेशनाभोवतालचे क्वार्टर ही नव्या काळाची छावणीच होती. फरक इतकाच की इथल्या माणसाची बदली झाली तरी निवृत्तीनंतर तो बहुधा नागपुरातच घर बांधून राहिला, आणि त्याची मुले एसएफएसमध्ये किंवा जोसेफच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून इथलीच झाली.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला, मिशनांनी अनाथालये काढली आणि त्यांत आलेली मुले ख्रिस्ती म्हणून वाढली. मग धर्मांतराला गौण कसे म्हणता येईल? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. भुकेल्या मुलाला धर्म निवडता येत नाही, आणि त्या मुलांच्या वतीने इतरांनी निर्णय घेतला ही नैतिक अडचण कायम राहते. पण इतिहासाचा प्रश्न वेगळा आहे : समाजाचा आकार कुणी ठरवला? अनाथालयातून बाहेर पडलेला तरुण गाव, जात आणि भाऊबंद सगळेच गमावून बसलेला असे. तोही एका अर्थी परगावचाच होता. त्याला जी सोयरीक, जो शेजार मिळाला तो छावणीच्या आणि रेल्वेच्या जुन्या कॅथलिक घरांनी आधीच उभारलेल्या पॅरिशमध्ये. म्हणजे अनाथालयाने माणसे दिली असतील, पण त्यांना सामावून घेणारी चौकट आधीची होती.

याच आक्षेपाची राजकीय बाजू १९५४ मध्ये पुढे आली. मुख्यमंत्री रविशंकर शुक्लांच्या सरकारने उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कारवायांची चौकशी करणारी समिती नेमली. मध्य प्रदेशाची राजधानी तेव्हा नागपूर होती, त्यामुळे या चौकशीचे केंद्र नागपूरच ठरले. वर्ध्याचे गांधीवादी ख्रिस्ती प्राध्यापक एस. के. जॉर्ज हेही समितीचे एक सभासद होते. १९५६ च्या अहवालातले सर्वांत कडक आक्षेप सुरगुजा-रायगढसारख्या आदिवासी भागांतल्या सामूहिक धर्मांतरांबद्दल होते. नागपूर-कामठीच्या पॅरिशबद्दल तसे चित्र उभे राहत नव्हते, कारण इथला समाज मुळात त्या वाटेने आलाच नव्हता. मात्र याच काळात एक अर्थपूर्ण गोष्ट घडली. समितीच्या कामाविरुद्ध नागपूर उच्च न्यायालयात दाद मागितली ती कुणा परदेशी बिशपने नव्हे, तर कॅथलिक रीजनल कमिटीचे अध्यक्ष जी. एक्स. फ्रान्सिस यांनी. अर्ज फेटाळला गेला. पण शंभराहून अधिक वर्षांच्या वास्तव्यानंतर या समाजाकडे स्वतःची संघटना आणि राज्यघटनेच्या भाषेत बोलण्याचा आत्मविश्वास आला होता, हे त्यातून स्पष्ट दिसते.

माझे म्हणणे पडताळून पाहण्यासाठी याच धर्मप्रांतातले उलट उदाहरण हाताशी आहे. १८९२ पासून ॲनसीच्याच धर्मगुरूंनी, विशेषतः फादर जाकिए यांनी, निजामाच्या राज्यातल्या घोगरगावी काम उभे केले. नागपूरचा बिशप तोच, धर्मसंघ तोच, काळही जवळपास तोच. पण घोगरगावचा समाज गावातून उठला. गावकुसाबाहेरची दलित कुटुंबे आपापल्या वस्तीसह, नात्यागोत्यासह ख्रिस्ती झाली, आणि म्हणून तिथली भक्ती, भजने, बोली सारे पहिल्या दिवसापासून मराठी राहिले. पुढे १९७७ मध्ये औरंगाबादचा वेगळा धर्मप्रांत झाला तो याच पायावर. जर मिशनरीच समाज घडवत असता तर एकाच हाताने घडलेले हे दोन समाज सारखे दिसायला हवे होते. ते सारखे नाहीत. घोगरगाव मराठी आणि ग्रामीण, कामठी-नागपूर बहुभाषी आणि नोकरदार. हा फरक उपदेशातून आला नाही. माणसे कुठल्या वाटेने चर्चपर्यंत पोहोचली, यातून आला.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे : हा समाज आलेल्यांचा असेल, तर तो या मातीचा नाही, असेच तुम्ही सिद्ध केले. हा तर्क नागपूरलाच लावून पाहावा. देवगडच्या बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास हे शहर वसवले तेव्हा गोंड राजाने बाहेरून शेतकरी आणि कारागीर बोलावून आणले. पुढे रघुजी भोसल्यांबरोबर दख्खनेतून मराठे सरदार, ब्राह्मण कारभारी, कोष्टी विणकर आले. १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कामगारांचे नवे मोहल्ले उठले. राजधानी म्हणून बंगाली वकील आले, कारकुनीसाठी तेलुगू आले, व्यापारासाठी मारवाडी आणि गुजराती आले. आजही कळमन्याच्या बाजारात पोती उचलणाऱ्यांत छत्तीसगडकडून आलेले हात आहेत. ज्या शहराचा जवळजवळ प्रत्येक मोहल्ला आलेल्यांनी वसवला, तिथे एकाच समाजाकडे मूळ गावाचा दाखला मागणे अन्यायाचे आहे. कामठीच्या कॅथलिक घरांची इथली वस्ती एम्प्रेस मिलपेक्षा अर्ध्या शतकाने जुनी आहे.

तिसरा आक्षेप मात्र मला अंशतः मान्य आहे. इतकी वर्षे राहूनही या समाजाने मराठीशी जवळीक केली नाही, असे म्हणतात. धर्मप्रांताच्या बिशपांच्या यादीवर नजर टाकली तर त्याला दुजोराही मिळतो. रिकाझ, पेल्वा, क्रोशे, बोनाव्हेंचर, कोपेल, गाये हे १९५० पर्यंतचे युरोपीय बिशप. १९५१ मध्ये युजिन डिसोझा आले, १९५३ मध्ये नागपूर महाधर्मप्रांत झाला. नंतर लिओनार्ड रेमंड, लिओबार्ड डिसोझा, केरळचे अब्राहम विरुथकुलंगरा आणि २०१८ पासून वसईचे एलायस गोन्साल्विस. ही नावेच समाजाच्या प्रवासाचा नकाशा आहेत, आणि त्यात वऱ्हाड-झाडीपट्टीचे आडनाव नाही. पण दोष सगळा समाजाचा नाही. १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सेला वाट करून दिली. घोगरगावला लोकभाषा कुठली हे विचारावे लागले नाही. नागपूरला मात्र विचारावे लागले, कारण एका बाकावर तमिळ आजी, दुसऱ्यावर कोकणी रेल्वेवाला, तिसऱ्यावर हिंदी बोलणारा छत्तीसगडी बसलेला होता. १९५६ पर्यंत द्वैभाषिक मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहराचा बाजारही हिंदी-मराठीच्या मिश्रणावर चालत होता. ज्याने-त्याने सोयीची भाषा धरली, आणि मराठी बहुधा शेवटच्या रांगेत राहिली. एसएफएससारख्या इंग्रजी शाळांनी शहराच्या सर्व जातिधर्मांच्या मुलांना शिकवले, हे या चर्चचे शहराला मोठे देणे आहे. पण त्याच शाळांमुळे चर्चची ओळख इंग्रजी संस्था अशी झाली आणि मागचा कामगार समाज झाकला गेला. ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी आता त्या समाजातल्या नव्या पिढीची आहे, आणि मराठी लेखकांचीही.

तिसरे पर्व आज शहराच्या कडेला चालू आहे. १९६२ मध्ये नागपूरच्या मुलखातून केरळच्या सिरो-मलबार चर्चसाठी चांद्याचा वेगळा भाग काढला गेला. त्याच सुमारास केरळातून नर्सेस, शिक्षिका, कारखान्यांतले तंत्रज्ञ विदर्भात येऊ लागले. हावडा मार्गाने छत्तीसगड-झारखंडकडून कामाला येणाऱ्यांत उराव आणि खडिया आदिवासी कॅथलिकही असतात. शहराच्या मध्यात जागा परवडत नाही म्हणून निवृत्त रेल्वेवाल्यांची मुले, ही नव्याने आलेली कुटुंबे, बाजारावर पोट असलेली माणसे पूर्वेच्या बाजूला सरकतात. कळमन्यासारख्या भागाचे महत्त्व इथे आहे. चर्चच्या कायद्यात पॅरिश ही सहसा भूभागाने ठरते : त्या हद्दीत राहणारा प्रत्येक कॅथलिक, मग तो कुठल्याही भाषेचा, जातीचा, पगाराचा असो, त्या पॅरिशचा होतो. सभासदत्वासाठी वर्गणी, शिफारस, वंशावळ लागत नाही. जातीनिहाय आणि भाषानिहाय मंडळांत विभागलेल्या आपल्या शहरांत हा नियम असामान्य आहे. तो नेहमीच प्रामाणिकपणे पाळला जातो असे नाही. तमिळ, मल्याळी, गोवेकर असे गट पॅरिशमध्येही पडतात, आणि जातीची सावली चर्चच्या दारात पूर्ण सरत नाही. पण नियम लेखी आहे, आणि त्याच्या आधारे नवखा माणूस आपला हक्क मागू शकतो. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या कॅथलिक मदतसंस्थेची मंडळी हद्दीतल्या गरजू घरांची यादी करतात तेव्हा त्या यादीत कालचा भाडेकरूही यावा, अशी अपेक्षा या नियमातूनच येते.

म्हणून मिशनरींना नायक किंवा खलनायक ठरवण्याच्या वादातून हा इतिहास बाहेर काढला पाहिजे. त्यांनी शाळा काढल्या, वह्या लिहिल्या, कामठीच्या उन्हाळ्यात देह ठेवले. त्याचे श्रेय त्यांना द्यावे, आणि दुष्काळातल्या मुलांविषयीचे प्रश्नही त्यांना विचारावेत. पण हा समाज उभा केला तो ढोलवाल्याने, फायरमनने, नर्सने, त्यांच्यामागे घर सांभाळणाऱ्या बायकांनी. त्यांची नावे कामठी आणि नागपूरच्या जुन्या नोंदवह्यांत आहेत, आणि वाळवी व ओल यांना धर्म कळत नाही. या वह्यांची छायाप्रत काढून घेणे, त्यांतल्या धंद्यांच्या आणि गावांच्या नोंदी मराठीत आणणे, रेल्वेच्या आणि छावणीच्या दप्तराशी त्या ताडून पाहणे, हे काम महाधर्मप्रांताने आणि नागपूरच्या इतिहास अभ्यासकांनी एकत्र येऊन करावे. ते झाले तर एका अल्पसंख्य समाजाचा इतिहास लागेलच, शिवाय हे शहर आलेल्या माणसांना आपलेसे कसे करत आले, याचा दोनशे वर्षांचा सलग पुरावाही नागपूरच्या हाती येईल. भोसल्यांच्या दप्तराइतकाच तोही या शहराच्या मालकीचा आहे.